पेनकिलर न देणाऱ्या मेडिकलवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

मार्चमध्ये गंगापूर रोडवरच्या तुमच्या काउंटरवर मी पेनकिलरची स्ट्रिप आणि ॲसिडिटीची बाटली मागितली. स्ट्रिप काढलीत, माझ्याकडे पाहिलंत आणि परत ड्रॉवरमध्ये टाकलीत. "महिन्यातली तिसरी. शी काळी होते का रे?"

मागे चार गिऱ्हाइकं उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण होत होती, आठवडाभर, डांबरासारखी. मी ते पालकाच्या ज्यूसवर ढकलून मोकळा झालो होतो.

"मग आत्ताच दवाखाना गाठ."

दुर्बिणीतून ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठराला लागून असलेल्या आतड्यात, अल्सर दिसला. रक्त झिरपत होतं. वय २८, सुपारीचं खांडही नाही, रोज पहाटे गोल्फ क्लब मैदानावर पळणं. आईने थेट मिसळीवर खापर फोडलं. मिसळ बिचारी निर्दोष निघाली. तिखटाने जळजळ होईल, अल्सर पडत नाही.

आरोपी दोन होते. पहिला, गुडघ्यासाठी अनशापोटी गिळलेल्या गोळ्या. दुखणं थांबवता थांबवता त्या जठराचं अस्तर राखणारी प्रोस्टाग्लँडिन्सही कमी करतात. हे रक्तातून घडतं, त्यामुळे खाऊन घेतल्या म्हणूनही माणूस पुरता सुटत नाही. दुसरा, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. तो बहुधा लहानपणीच पोटात शिरतो. आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोकांत असतो आणि बहुतेकांना कधीच अल्सर होत नाही. माझ्या पोटात दोघांची गाठ पडली. १९८४ मध्ये बॅरी मार्शल या डॉक्टरांनी हे जंतू स्वतः पिऊन पाहिले. धडधाकट माणूस, वय ३२, काही दिवसांत जठराला सूज. नोबेल मिळालं ते २००५ मध्ये, रॉबिन वॉरन यांच्यासोबत.

खरी गोष्ट अशी, की दवाखान्यातल्या फॉर्मवर 'व्यसन : नाही', 'चालू औषधं : नाही' असं मी बिनदिक्कत लिहिलं. त्या गोळ्या मला औषध वाटतच नव्हत्या. तुमचा प्रश्न आठवला म्हणून खोडून पुन्हा लिहिलं.

चौदा दिवस दोन अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणारी गोळी घेतली. पुढे महिन्याभराने फुंकर मारून करायची तपासणी झाली. जंतू गेला.

शनिवारी येतो. गुडघा अजून दुखतोच, क्रेप बँडेज काढून ठेवा. ते तरी द्याल ना?

तुमचा,
तिसऱ्या स्ट्रिपवाला