टाइमस्टॅम्पचे जुने पुरावे पुढेही तपासता आले पाहिजेत

मा. संपादक,
स. न.

ब्लॉकचेनवरील टाइमस्टॅम्प म्हणजे एखादा दस्तऐवज अमुक वेळी अस्तित्वात होता याचा, बिटकॉइनसारख्या चलनाच्या एकापुढे एक जोडलेल्या ब्लॉकांच्या सार्वजनिक नोंदसाखळीत ठेवलेला पुरावा. त्याविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा नवा पुरावा किती झटपट मिळतो याबद्दल असते. असे पुरावे देणारे व तपासणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांपैकी मी एक आहे. आज दिलेला पुरावा वीस वर्षांनी तपासता येणार नसेल, तर तो दिला काय नि न दिला काय, सारखेच.

ही कल्पना बिटकॉइनहून जुनी. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या संशोधकांनी ती 1991 मध्ये मांडली, आणि 1995 पासून त्यांची कंपनी न्यूयॉर्क टाइम्सच्या जाहिरातींत दर आठवड्याला एक हॅश, म्हणजे दस्तऐवजांवरून गणिताने काढलेला छोटा ठसा, छापू लागली. वाचकांच्या हाती गेलेला अंक मागाहून बदलता येत नाही, यावर सारा भरवसा होता.

खरा पेच जुन्या हॅशचा आहे. 2017 मध्ये संशोधकांनी एकच एसएचए-1 (हॅश काढण्याची एक जुनी पद्धत) हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली तयार करून दाखवल्या, तेव्हापासून ती पद्धत सॉफ्टवेअरमधून काढूनच टाका, असे आग्रहाने सांगितले जाते. नव्या पुराव्यांपुरते ते रास्तच आहे. पण त्या हल्ल्यात दोन्ही फाइली हल्लेखोरालाच आधी जुळवून घडवाव्या लागतात. दुसऱ्याच्या तयार दस्तऐवजाला तोच हॅश असलेली जोड शोधणे कितीतरी अवघड असून ते आजवर कोणाला साधलेले नाही. तपासणीचा कोडच काढला, तर प्रामाणिक माणसांचे जुने पुरावे विनाकारण बाद होतील. म्हणून नव्याला नकार आणि जुन्याची ठळक इशाऱ्यासह तपासणी हाच मार्ग मला योग्य वाटतो, त्यापायी जास्तीचा कोड वर्षानुवर्षे सांभाळावा लागला तरी.

सोयीसाठी केलेली तडजोड मात्र मला पटत नाही. एखाद्या संकेतस्थळाला ब्लॉकची माहिती विचारून पडताळणी केली, तर विश्वास साखळीवर न राहता त्या संकेतस्थळावर जातो. स्वतःच्या नोडला, म्हणजे साखळी स्वतः तपासणाऱ्या संगणकाला, सगळी साखळी एकदा उतरवून तपासावी लागते, हे खरे. पण नंतर जुने ब्लॉक पुसले तरी त्यांची प्रत्येकी 80 बाइटची शीर्षके (ब्लॉकची थोडक्यात ओळख देणारा भाग) उरतात आणि पडताळणीला तेवढी पुरतात.

ब्लॉकवरची वेळ मायनर, म्हणजे तो ब्लॉक तयार करणारा, घालतो आणि ती दोन तासांपर्यंत पुढची असली तरी नोड स्वीकारतात. म्हणूनच ओपनटाइमस्टॅम्प्स या बिटकॉइनवर टाइमस्टॅम्प देणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या पडताळणीत फक्त तारीख दिसते. मिनिटे दाखवली, तर लोक त्यांवर दावे उभे करतील, आणि ते दावे सिद्ध करून देणे कोणत्याही देखभालकर्त्याला शक्य होणार नाही.

आपला,
एका मुक्तस्रोत प्रकल्पाचा देखभालकर्ता