काच फुटण्याआधी गोळ्या सरल्या होत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारा वर्षांपासून मी गावचा पोलीस पाटील आहे. गावात काही झालं की ठाण्यात कळवायचं, हे माझं काम. दिवाळीनंतर आमच्या फाट्यावर एका पोरानं दगड मारून एसटीची काच फोडली, तेव्हाही फोन मीच केला. कोणाला लागलं नाही. गुन्हा मात्र सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा लागला आणि पोरगा एकोणीस दिवस आत राहिला.

त्या संध्याकाळी त्याची माय वेचणीवरून थेट ठाण्यात आली, कमरेला कापसाची ओटी तशीच. ओटीतून तिनं पोराच्या मानसिक आजाराच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. "पाटील, गोया सरल्या होत्या ना त्याच्या. वेचणीत जाणंच नाही झालं." दर महिन्याला पोराला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे दोघांचं भाडं आणि दिवसाची मजुरी बुडाली. वेचणी किलोवर असते, हंगामात दिवस कोण बुडवतं? जमादारानं पाकिटं पाहिली अन् परत दिली. काचेचे तुकडे पंचनाम्यात आले, पाकिटं आली नाहीत. पंच मीच शोधून दिले होते.

पुढे सरकारी मदतीच्या वकिलानं सांगितलं तेव्हा कळलं. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 100 म्हणतं, भटकणारा मनोरुग्ण पोलिसांनी ताब्यात घेतला तर 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचा, कोठडीत ठेवायचाच नाही. ठाण्यात म्हणतात, हा भटकणारा नाही, आरोपी आहे. बरं, आरोपीसाठीही वाट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम 369 प्रमाणे, स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या मनोरुग्ण आरोपीला भरतीची गरज नसेल आणि नातेवाईक नियमित उपचाराची हमी देत असेल, तर गुन्हा जामीनपात्र असो की नसो, न्यायालयानं त्याला जामिनावर सोडायचं असतं. पण त्याआधी डॉक्टरची तपासणी लागते, आणि तपासणी व्हावी म्हणून कोणीतरी गोळ्यांचा कागद न्यायालयापुढे ठेवावा लागतो. तो मीच ठेवायला सांगायचा होता. मला कलमच माहीत नव्हतं.



अटक करताना घरच्यांना एवढंच विचारा, गोळ्या चालू आहेत का? उत्तर डायरीत लिहा. आमच्या बैठकीत पोळा-गणपतीचा बंदोबस्त समजावतात, तसं हेही समजावा. आणि या गोळ्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळू द्या.

पुढच्या महिन्यात एकाच मंगळवारी कोर्टाची तारीख आहे आणि दवाखान्याचीही. माय विचारते, कुठं जाऊ? ती पोराला घेऊन कोर्टात जाईल. चिठ्ठी घेऊन गोळ्या आणायला मी जातो आहे. पेशंटशिवाय देतात का, बघू.

एक पोलीस पाटील, पश्चिम विदर्भ
(पोरगा ओळखू येऊ नये म्हणून नाव-गाव छापू नये.)