उद्या पाऊस आला तर… : अभ्यासिकेतल्या ताईंना

प्रिय ताई,

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत खिडकीजवळच्या टेबलावर बसणारा मुलगा आठवतोय का? हे पत्र त्याचं. तुमचा नंबर घ्यायचा राहून गेला, म्हणून असं उघड लिहितोय.

एमपीएससीच्या इंग्रजीत काळाचे प्रश्न माझे हमखास चुकायचे. बारा काळांचा तक्ता तोंडपाठ होता, तरीही. 'इफ इट डॅश टुमॉरो, द मॅच विल बी कॅन्सल्ड' असं आलं की 'टुमॉरो' बघून मी 'विल रेन'चा गोल काळा करायचो. एका चुकीला 25 टक्के गुण वजा, ते वेगळंच.

तुम्ही तक्ता बाजूला ठेवायला लावलात आणि म्हणालात, "मराठीत सांग." मी म्हटलं, "उद्या पाऊस आला तर मॅच रद्द होईल."

"उद्या, आणि आला?"

त्या एका प्रश्नाने माझं डोकं लख्ख झालं. आपण उद्याच्या पावसाला 'आला' म्हणतो. आईने हाक मारली की जागेवरून न हलताच 'आलो!' म्हणतो. क्रियापदाचं रूप एक, वेळ दुसरी. इंग्रजीतही तसंच: अटीच्या भागात उद्याचा पाऊस 'रेन्स' होतो, आणि 'इट्स हाय टाइम वी लेफ्ट'मध्ये रूप भूतकाळाचं असलं तरी निघायचं आत्ता असतं. हे मला शाळेपासून कुणीच सांगितलं नव्हतं.

मग मराठी कुठे दगा देते, तेही तुम्हीच दाखवलंत. 'मी त्याला काल पाहिलंय' आपल्याला खटकत नाही, म्हणून हात 'हॅव सीन'कडे जातो. पण 'यस्टरडे' म्हटलं की वेळ ठरली, तिथे 'सॉ'च. 'सकाळपासून' आणि 'तीन तासांपासून' यांत आपलं 'पासून' एकच. इंग्रजीत सकाळीला 'सिन्स', तीन तासांना 'फॉर'. आणि 'तीन वर्षांपासून पुण्यात राहतोय' याचं 'ॲम लिव्हिंग' होत नाही, 'हॅव बीन लिव्हिंग' होतं. ही वाक्यं तुम्ही माझ्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून दिलीत, स्वतःची मुख्य परीक्षा तीन आठवड्यांवर असताना. चहाच्या सुट्टीतली ती रोजची वीस मिनिटं तुमच्या अभ्यासातून जात होती, हे मला तेव्हा कळत होतं आणि तरी मी ती घेतली. त्याबद्दल मनापासून आभार, ताई.

गावी परत जाताना तुम्ही शेवटच्या पानावर एक प्रश्न लिहून ठेवलात: 'बाय द टाइम यू रीच, आय डॅश.' कंसात 'लीव्ह'. मी दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा टेबल रिकामं होतं.

उत्तर 'विल हॅव लेफ्ट'. पोहोचणं पुढचं असूनही 'रीच' साधं वर्तमान, कारण 'बाय द टाइम'च्या भागात 'विल' येत नाही. आणि निघणं त्याच्याही आधी पुरं झालेलं. तपासून सांगाल ना?

तुमचा,
खिडकीजवळच्या टेबलावरचा