मित्रासाठी वर्गणी, रविवारपर्यंत द्या

मंडळी, परत आठवण करतोय, आपल्या बॅचच्या मित्राची वर्गणी रविवार रात्रीपर्यंत द्या. काल जाऊन आलो, कमरेखाली काहीच जाणवत नाही त्याला, त्यामुळे दर 2 तासांनी कूस बदलावी लागते नाहीतर बेडसोअर (पडून पडून होणाऱ्या जखमा) होतात, वहिनी रात्रभर मोबाईलला अलार्म लावून उठतायत, डोळे पार खोल गेलेत त्यांचे. आधी एअर मॅट्रेस घेऊ, पण फिजिओथेरपी, कॅथेटर, डायपर हा खर्च दर महिन्याचा आहे म्हणून एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा 200-300 दिलेत तर जास्त उपयोगी पडतील असं मला वाटतं. पैसे थेट वहिनींना जीपे करा, स्क्रीनशॉट मला पर्सनलवर. यूडीआयडी कार्डाचा (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा) फॉर्म भरायला कोणी येईल का सोबत? आणि संध्याकाळी जाऊन बसा रे त्याच्याजवळ, मॅच बघायला कोणीतरी लागतं त्याला.