अलॉय व्हीलचं वजन बिलावर लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रोजची गाडी हलकी आणि चपळ कशी करावी, याबद्दल आपल्या वाहनविषयक पानावर आलेला मजकूर वाचला. स्टेपनी काढा, मागची सीट काढा, फरशीवरचं डांबरी मॅटिंग खरवडा, असं त्यात सुचवलं होतं. माझ्या भाच्याने ते शिरसावंद्य मानून आपली मारुतीची बलेनो आरएस सोलायला घेतली, म्हणून हा पत्रप्रपंच. मुख्य तक्रार मात्र अलॉय व्हीलची, म्हणजे मिश्रधातूच्या चाकांची आहे: त्यांचं वजन कुणी सांगतच नाही.

मी अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर वजनं आणि मापंच बघते. त्यामुळे ‘बघ मावशी, गाडी कशी पळते’ यावर माझा विश्वास बसेना. काढलेला एकेक भाग काट्यावर ठेव, मग बोल, असं त्याला सांगितलं. टायरसकट स्टेपनी भरली साडेचौदा किलो. मागची सीट, बैठक आणि पाठ मिळून, एकोणीस. हीट गन आणि पटाशी घेऊन रात्री जागवून खरवडलेलं ते मॅटिंग चार किलोसुद्धा भरलं नाही. बेरीज साडेसदतीसच्या आत.

कंपनीच्या कागदावर या गाडीचं कर्ब वेट, म्हणजे माणसं-सामान न भरता गाडीचं वजन, ९५० किलो. म्हणजे एवढ्या उपद्व्यापातून चार टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. याच गाडीची टाकी ३७ लिटरची आहे आणि पेट्रोलचा लिटर पाऊण किलोच्या आसपास भरतो. टाकी फुल न करता अर्धी ठेवली तरी चौदा किलो कमी होतात, स्टेपनीएवढेच, आणि पान्याला हातही लावावा लागत नाही. गंमत म्हणजे डिकीतला वूफरचा बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर जागच्या जागी होता. तोही काट्यावर ठेवायला लावला. एकवीस किलो! कंपनीने दिलेलं काढायचं आणि आपण कोंबलेलं तसंच ठेवायचं, हा कुठला न्याय?

सीट काढल्याने फक्त बसायची जागा जात नाही. जोराचा ब्रेक लागला किंवा धडक बसली, तर डिकीतलं सामान पुढच्यांच्या मानेवर येऊ न देण्याचं कामही सीटची पाठ करते. शिवाय आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, आसनक्षमता पाच लिहिलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. तसा केला तर कलम १८२अ (४) खाली दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपल्या मजकुरात याबद्दल चकार शब्द नव्हता. स्टेपनीबाबत २०२० साली नियम सैल झाला हे खरं, पण ट्यूबलेस टायर, टायरमधला दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट गाडीत असेल तरच. आणि पेठच्या सावळघाटात रात्री टायरची बाजू फाटली तर किटमधली भोक बुजवायची रबरी वात तिथे काही कामाची नाही. आवाज दाबणारं मॅटिंग गेल्यापासून द्वारका ते पाथर्डी फाटा उड्डाणपुलावरून जाताना शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. एसीसुद्धा काढायचा बेत होता. नाशिकच्या एप्रिलने तो हाणून पाडला.

हलकी गाडी मलाही आवडते. १९९६ ची पहिली लोटस एलिस ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार सव्वासातशे किलोंची होती आणि तिची अ‍ॅल्युमिनियमची, चक्क गोंदाने चिकटवलेली शासी (गाडीचा सांगाडा) ६८ किलोंची. पण तो हलकेपणा आधी ड्रॉइंगवर आला. तयार गाडीची सीट उचकटून तो येत नसतो.

आता मुख्य तक्रार. भाच्याने मूळची सोळा इंची चाकं काढून सतरा इंची बसवली होती, दिसायला झकास. चाकं उतरवलीच होती, म्हणून टायरसकट तीही काट्यावर घेतली. दर चाकामागे तीन किलो जास्त, चार चाकांचे बारा. हे बारा किलो साधे नाहीत. चाक नुसतं पुढे जात नाही, फिरतंही; वेग घेताना त्याच्या कडेकडचं वजन इंजिनाला दीडपट ते दुपटीच्या दरम्यान जाणवतं. पाठीवर दप्तर घेऊन पळणं आणि पायात गमबूट घालून पळणं यात जो फरक, तोच हा. म्हणजे सीट आणि स्टेपनी काढून जे कमावलं, त्यातलं निम्मं चाकांनी खाल्लं. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खालचं. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरून ठेवलेत, त्यावर जड चाक उसळलं की लवकर टेकत नाही आणि तेवढा वेळ पकड सुटते.

हलकी चाकं घ्यावीत म्हणून त्याला घेऊन मी शहरातली दुकानं फिरले. वजन विचारलं की प्रत्येक ठिकाणी चेहरे कोरे. ‘मॅडम, वजन काय बघता, लूक बघा,’ असं एकाने सुनावलं. रिमच्या पाठीमागे माप, ऑफसेट (चाक बसवायची जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे तो आकडा), कधीकधी कमाल भार कोरलेला असतो, पण वजन नाही. आमच्याकडे साध्या ब्रॅकेटच्या ड्रॉइंगवरही वजन लिहिलेलं असतं, आणि गिऱ्हाइकाच्या जिवाशी गाठ असलेलं चाक मात्र फोटो बघून विकलं जातं. अर्थात हलकं तेवढं चांगलं असंही नाही. स्वस्तातलं तकलादू ओतकाम पहिल्याच खड्ड्यात चिरतं. म्हणून वजन आणि कमाल भार, दोन्ही आकडे बिलावर यायला हवेत. दुकानदारांच्या संघटनेने मनावर घेतलं तर एका काट्यापलीकडे यात खर्च नाही.

नव्या गाडीची ओळख करून देताना आपण चौकटीत कर्ब वेट छापता. त्याखाली एका चाकाचंही वजन छापत जा. कंपन्यांकडे ते असतं, मागितलं की मिळेल.

आपली,
एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक
(काटा कारखान्याचा वापरलाय, तेव्हा कृपया नाव छापू नये.)