तळ लागेपर्यंत

ट्रॉन्डहाइम, नॉर्वे

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार,

परवा तुम्ही विचारलंत, "पाण्याखाली जीपीएस नाही, मग तुमच्या यंत्राला कळतं कसं आपण कुठे आहोत ते?" फोनवर आवाज तुटत होता, म्हणून लिहून पाठवते.

जीपीएसच्या लहरी खाऱ्या पाण्यात शिरताच विरून जातात, आणि इथला फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा, 600 मीटरहून खोल आहे. म्हणून पाण्याखाली माणसाविना फिरणाऱ्या आमच्या यंत्राच्या पोटात तीन जायरोस्कोप आणि तीन ॲक्सेलरोमीटर बसवलेत. जायरो वळण मोजतात, ॲक्सेलरोमीटर वेगातला फरक. फरकावरून वेग, वेगावरून अंतर. किनारा दिसेनासा झाला की तुम्ही होकायंत्र, घड्याळ आणि इंजिनाच्या अंदाजावर होडी हर्णैला आणायचात, तेच हे. 1958 साली अमेरिकेची 'नॉटिलस' पाणबुडी उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून गेली, तेव्हा तिच्यातही असेच जायरो आणि ॲक्सेलरोमीटर होते.

पण यात चूक साठत जाते. ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाइतका जरी चुकला, तरी पहिल्या मिनिटात हिशोब 18 मीटरनं सरकतो, दुसऱ्याच्या शेवटी 70 मीटरनं. म्हणून आम्ही तळाला विचारतो. यंत्र खाली आवाजाचे चार झोत सोडतं, आणि परत आलेल्या आवाजाचा सूर किती बदलला त्यावरून तळाच्या मानानं वेग कळतो. आजोबा दोरीला शिसं बांधून तळ चाचपायचे, ते मला रोज आठवतं. मात्र हा आवाज साधारण शे-दोनशे मीटरच पोचतो. खोल उतरताना मधलं सगळं पाणी जायरोंच्या भरवशावर काढावं लागतं. तळ लागल्याचं स्क्रीनवर आलं की जीव भांड्यात पडतो.

मागच्या आठवड्यात 4 किलोमीटर जाऊन यंत्र वर आलं, तर हिशोबापेक्षा 35 मीटर बाजूला! दोन दिवस शोधल्यावर कळलं, वेग मोजणारा सेन्सर अर्धा अंश तिरका बसला होता. तो मीच बसवला होता. अर्धा अंश डोळ्याला दिसत नाही, पण किलोमीटरला 9 मीटर खातो. आता तो कोन आधी काढून घेतो.

बाबा, एक विचारायचंय. तळ लागत नाही तोवर प्रवाह किती ढकलेल, हे आम्ही अंदाजानं धरतो. भरती-ओहोटीची ओढ तुम्ही कशी धरायचात? पाण्याचा रंग बघून, की होडी हाताला कशी लागते त्यावरून? आईला सांगा, तुम्ही बोलाल ते जसंच्या तसं लिहून घे. मला खरंच हवंय.

तुमची लेक