हजेरी घेताना न थांबलेल्या बाईंना

आदरणीय बाई,

शाळेच्या धास्तीने काही आठवडे घरी बसलेला तुमच्या वर्गातला तो मुलगा आता पूर्ण दिवस शाळेत बसतो, हे त्याच्या आईने काल फोनवर सांगितलं आणि पुढे तिला बोलताच येईना. मुलांचं समुपदेशन करणारी म्हणून काय करायचं ते मी कागदावर लिहून देऊ शकते. ते वर्गात तुम्ही केलंत. पत्र उघड लिहितेय, कारण इतर शिक्षकांनीही ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

तो परत आला त्या दिवशी तुम्ही नेहमीसारखी हजेरी घेतलीत. त्याचं नाव आलं, तो पुटपुटल्यासारखं ‘हजर’ म्हणाला, तुम्ही हजेरीपटावर खूण केलीत आणि त्याच दमात पुढचं नाव घेतलंत. ‘अरे वा, आलास का!’ म्हणाला नाहीत, टाळ्या वाजवायला लावल्या नाहीत. काही आठवडे शाळा चुकलेल्या मुलाला सगळ्यात जास्त धास्ती याच क्षणाची असते, की सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळणार. कौतुकानेही त्या वळतातच. मग मधल्या सुट्टीत, वर्ग रिकामा झाल्यावर, वहीवर बोट ठेवून ‘इथून पुढे लिही’ एवढंच म्हणालात. हे त्यानेच मला सांगितलं. बाकी सगळी मदत तो विसरेल कदाचित, हे विसरणार नाही.

याआधी, दुसऱ्या एका वर्गात, अशाच वेळी ‘या महाराज, झाली का आठवण शाळेची?’ असं त्याचं स्वागत झालं होतं. वर्ग खो खो हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटदुखी पुन्हा सुरू. ‘रविवारी बरं दुखत नाही!’ हे तर सगळ्यांचं ठरलेलं वाक्य. अहो, रविवारी दुखत नाही याचा अर्थ दुखण्याचं मूळ शाळेत शोधायला हवं. डॉक्टरांची तपासणी झाली होती, पोटात दुसरं काही नव्हतं. पण ताणाने आतड्यांची हालचाल बदलते, पोटात खरोखर मुरडा येतो, मळमळतं. अशा मुलाला घरी धाडलं की त्याला लगेच बरं वाटतं, आणि गोम तिथेच आहे. त्या सुटकेची सवय लागते आणि उद्याची भीती आणखी वाढते. उलट पहिल्याच दिवशी त्याला पूर्ण वेळ बसवलं, तर दोन-तीन तासांत मूल हात टेकतं आणि ‘मला जमतच नाही’ हे त्याच्या मनात पक्कं होतं.

म्हणून शेवटच्या तासापासून सुरुवात करायला तुम्ही तयार झालात, हे फार मोलाचं होतं. सुटायची वेळ जवळ दिसते आणि घरी सगळ्यांबरोबर जाता येतं. बसल्या जागीच धास्ती चढते आणि उतरतेही, हे त्याला स्वतःला कळेपर्यंत तुम्ही आधीचा तास जोडला नाहीत. सोमवारी आणि सुट्टीनंतरच्या दिवशी अशी मुलं हमखास मागे सरतात. त्या दिवशी तुम्ही तास वाढवले नाहीत, कमीही केले नाहीत. धास्ती वाढली की दाखवून वर्गाबाहेर जायचं कार्डही नीट चाललं. एरवी ते फसतं, कारण जायची मुभा असते, पण कुठे जायचं आणि कधी परतायचं हे ठरलेलं नसतं. तुमच्याकडे वाचनालयातलं बाक ठरलेलं, पाच मिनिटं ठरलेली, आणि परत आल्यावर चौकशी नाही.

मूळ भीती होती मोठ्याने वाचण्याची. जोडाक्षरावर अडखळायचं, ओळ सुटायची. तोंडी उत्तरं चोख देणाऱ्या मुलांची अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणं, बरेचदा उशिरा लक्षात येते, तोवर ‘आळशी’ हा शिक्का बसून गेलेला असतो. तुम्ही त्याला वाचायच्या चार ओळी आदल्या दिवशीच दाखवू लागलात. बुडालेल्या अभ्यासातलं फक्त गणित भरून घेतलंत, कारण तिथे मागचं सुटलं की पुढचं अडतं. बाकीच्या वह्या पूर्ण करण्याचा हट्ट सोडलात. मागच्या कोऱ्या पानांच्या धसक्यानेच किती मुलं दारातून परत फिरतात!

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सातजणांमागे एकाला मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास असतो. म्हणजे चाळीसच्या वर्गात पाच-सहा जण. त्यातले बरेचसे रोज शाळेत येतात, गप्प बसतात, आणि दुसऱ्याची फजिती होताना बघून आपलं काय होईल ते ओळखतात. त्या दिवशी तुम्ही पुढचं नाव घेतलंत तेव्हा त्यांनीही ते पाहिलं असणार. दुसऱ्याचं दुखरं ठिकाण दिसूनही त्यावर बोट न ठेवणारी माणसं फार थोडी भेटतात, बाई. त्यासाठी पदवी लागत नाही, म्हणून तर ज्यांना ते जमलं नाही त्यांचा जास्त राग येतो.

एक विनंती आहे. पुढच्या इयत्तेत त्याचे वर्गशिक्षक बदलतील. मूल सावरलेलं दिसलं की नव्या माणसाला सवलतींची गरज वाटत नाही, त्या एकदम बंद होतात आणि पहिल्या परीक्षेलाच सगळं पुन्हा ढासळतं. तुम्ही काय काय केलंत आणि कोणत्या क्रमाने, ते त्यांच्यासाठी अर्ध्या पानावर लिहून ठेवाल का? वाचनाच्या चाचणीचे निष्कर्ष आणि परीक्षेतल्या जादा वेळेबद्दलचं पत्र मी त्याला जोडते.

तुमची मनापासून ऋणी,
त्याची समुपदेशक